कॅन्सर भलतीकडे पसरतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाशी माझी गाठ क्वचितच पडते, पडते ती त्याच्या गाठीशी. तरी रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक लॅबच्या खिडकीशी येतात आणि विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो: आजार एकीकडे होता आणि गाठ निघाली दुसरीकडेच, हे कसं?

कॅन्सर यकृतात पसरला म्हणजे आता यकृताचा कॅन्सर झाला का?

नाही. आतड्यातून निघालेली पेशी यकृतात जाऊन वाढली तरी ती आतड्याचीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ती आतड्यातल्या ग्रंथींसारखी दिसते, प्रथिनंही आतड्याचीच बनवते आणि औषधही आतड्याच्या कॅन्सरचंच लागतं. सासरी गेली तरी माहेरचं आडनाव न सोडणारी, असं मी नातेवाइकांना सांगतो. डॉक्टर मूळ जागेला ‘प्रायमरी’ म्हणतात आणि नव्या ठिकाणाला ‘सेकंडरी’. ‘लिव्हरमध्ये सेकंडरीज आहेत’ याचा अर्थ लिव्हरमध्ये पाहुणे आलेत, घर दुसरीकडे आहे.

पसरण्याच्या नेहमीच्या जागा कोणत्या आणि वेगळ्या कोणत्या?

फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) या नेहमीच्या. त्यातही प्रत्येक कॅन्सरची आवडनिवड असते: मोठ्या आतड्याचा बहुतेकदा आधी यकृतात, प्रोस्टेटचा मणक्यात, हाडाचा सार्कोमा (हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात) फुप्फुसात. वेगळ्या म्हणजे त्वचा, बेंबी, बोटांची टोकं, डोळ्याच्या आतला पडदा, थायरॉइड, स्वादुपिंड, हृदयाभोवतीचं आवरण, स्नायू, प्लीहा.

पण वेगळेपण फक्त जागेचं नसतं. कधी जागा ठीक असते आणि वेळ भलतीच: ऑपरेशनला पंधरा वर्षं झाल्यावर. कधी जागा आणि वेळ दोन्ही ठीक, पण रूप असं की स्कॅनमध्ये गाठ म्हणून काही दिसतच नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो.

पेशी इतक्या लांब पोचतात तरी कशा?

पोचायला रस्ता लागतो आणि पोचल्यावर ती जागा मानवावी लागते. या दोन्हींत जास्त महत्त्वाचं काय, यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चालू आहे.

१८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृत आणि प्लीहा, दोघांनाही रक्त भरपूर मिळतं. तरी यकृतात गाठी पुष्कळ आणि प्लीहेत अगदी थोड्या. बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्याच मातीत, असं त्यांनी मांडलं. १९२८ मध्ये अमेरिकेतले जेम्स ईविंग नेमकं उलट म्हणाले: रक्त आणि लसिका (लिम्फ, म्हणजे लसिकाग्रंथींतून वाहणारा पातळ द्रव) जिकडे वाहतील तिकडे गाठ, मातीबितीचा काही संबंध नाही. आज पाहिलं तर दोघांच्याही पदरात थोडं थोडं पडलं आहे.

रस्त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. प्रोस्टेटचा कॅन्सर फुप्फुसाला न शिवता थेट कमरेच्या मणक्यात कसा जातो, हे कोडं होतं. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी दाखवलं की मणक्याभोवती शिरांचं एक जाळं असतं आणि त्या शिरांना झडपाच नसतात. खोकला आला, शिंक आली, शौचाला जोर केला की पोटातला दाब वाढतो आणि या जाळ्यात रक्त उलट्या दिशेनंही सरकतं. ओटीपोटातून निघालेली पेशी अशी फुप्फुसाच्या चाळणीला वळसा घालून मणक्यात पोचते.

आणि मातीचं उदाहरण स्नायूंचं. शरीराचा एवढा मोठा हिस्सा स्नायूंचा, रक्तपुरवठाही दांडगा, तरी स्नायूत पसरलेला कॅन्सर क्वचितच दिसतो. सतत आवळणं-सैल होणं आणि तिथे साठणारं लॅक्टिक आम्ल पेशींना मानवत नसावं, असं मानलं जातं.

एक दिलासा इथेच सांगून ठेवतो. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरच्या, पेशी सोडून पाहिल्या. २४ तासांनी हजारातली एकही धड शिल्लक नव्हती. पेशी रक्तात शिरणं सोपं आहे, परक्या ठिकाणी संसार थाटणं फार अवघड.

बोटाची सूज, बेंबीतली गाठ, हनुवटीचा बधिरपणा: यातून खरंच कॅन्सर निघतो?

क्वचित, पण निघतो. आणि तो क्वचित असल्यामुळेच उशिरा सापडतो.

बोट घ्या. बोटाचं शेवटचं पेर लाल होतं, सुजतं, ठसठसतं. नखुरडं समजून चीर दिली जाते, पू येत नाही, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, मग दुसरा होतो. महिनाभराने एक्स-रे काढला तर टोकाचं हाड विरघळल्यासारखं दिसतं. हाताच्या बोटातली अशी गाठ बहुतेकदा फुप्फुसाच्या कॅन्सरची निघते, आणि काही जणांत फुप्फुसाच्या आजाराची ती पहिलीच खूण असते. हाडांत पसरलेल्या हजार रुग्णांत साधारण एखाद्यालाच हे होतं. पण धूम्रपान करणाऱ्या माणसाचं नखुरडं दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही, तर एक्स-रे काढायला काही जड जात नाही.

बेंबी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर इथे डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांना सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी मदतीला असत. ऑपरेशनआधी पोटाची त्वचा पुसताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्या बेंबीत टणक गुठळी लागते त्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी या गुठळीला त्यांचं नाव दिलं. वैद्यकात नर्सच्या नावाची खूण म्हटली की हीच आठवते. बोटाला लागणारी ती गुठळी जठर, स्वादुपिंड, अंडाशय किंवा मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते.

डाव्या हसळीच्या वरच्या खळग्यातली गाठही तशीच. पोटातली बरीचशी लसिका छातीतल्या मोठ्या नळीतून मानेच्या डाव्या बाजूला येऊन शिरेत मिळते, म्हणून पोटातला आजार इथे डोकं वर काढतो. रुडॉल्फ फिर्शो यांनी १८४८ मध्येच याची नोंद केली होती.

हनुवटी. दात काढलेला नाही, भूल दिलेली नाही, तरी खालच्या ओठाची आणि हनुवटीची एक बाजू बधिर झाली आहे. दाढी करताना किंवा चहा पिताना ते जाणवतं. दुखत काहीच नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. जबड्यातल्या नसेवर किंवा कवटीच्या तळाशी दाब आला की असं होतं. स्तनाचा कॅन्सर आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) यांत हे विशेष दिसतं. ज्याला आधी कॅन्सर होऊन गेला आहे त्याने हे लक्षण दाताच्या डॉक्टरांपुरतं ठेवू नये.

त्वचेची सोंगं तर अनेक. कमरेभोवती पट्ट्यात आलेले फोड नागिणीसारखे दिसतात आणि नागिणीच्या औषधाने हलत नाहीत. डोक्यावर चाई पडल्यासारखा गुळगुळीत चट्टा उठतो, पण हात लावला तर खालची कातडी घट्ट लागते. ही दोन्ही सोंगं स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाहायला मिळतात.

मग प्रत्येक नखुरड्याला घाबरायचं का?

मुळीच नाही. नखुरडं हे जवळजवळ नेहमी नखुरडंच असतं. तीन प्रश्न पुरतात: नेहमीच्या उपचारांनी ते बरं होतंय का? हळूहळू वाढतंय का? आणि या माणसाला पूर्वी कॅन्सर झाला होता का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर वाट पाहायची मुदत कमी करावी.

आईला स्तनाचा कॅन्सर होता. आता जठराच्या बायोप्सीत कॅन्सर आला. हा नवा की जुना?

हा प्रश्न जपून हाताळावा लागतो, कारण इथली चूक महागात पडते.

स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, लोब्युलर. स्तनाच्या सगळ्या आक्रमक कॅन्सरांपैकी साधारण १० ते १५ टक्के. या पेशींमधून ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन नाहीसं झालेलं असतं. हे प्रथिन म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवणारा डिंक. डिंक गेला की पेशी गोळा करून राहत नाहीत, सुट्या होतात. स्लाइडवर त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक चाललेल्या दिसतात. गोळाच नाही म्हणून हाताला गाठ लागत नाही आणि मॅमोग्राफीतही हा प्रकार बऱ्याचदा निसटतो.

पसरतानाही तो तसाच वागतो. हाडांत आणि यकृतात जातोच, पण त्याशिवाय जठर, आतडी, पोटाचं अस्तर, अंडाशय, मेंदूची आवरणं अशा ठिकाणी शिरतो. जठरात तो वरच्या अस्तराखालून सरपटत जातो. एंडोस्कोपीत व्रण दिसत नाही, फक्त जठर हवा भरूनही नीट फुगत नाही. वरवरचा चिमटा घेतला तर रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ असा येतो, कारण पेशी खाली असतात. त्यामुळे संशय असेल तर डॉक्टर खोलवर आणि जास्त तुकडे घेतात.

तुकड्यात पेशी सापडल्या तरी फसगत संपत नाही. जठराच्या स्वतःच्या एका कॅन्सरमध्ये पेशीत चिकट द्रव भरतो, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि पेशी खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसते. लोब्युलरच्या पेशीही हुबेहूब अशी अंगठी घालू शकतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेली स्लाइड पाहून, आणि मागचं काहीच माहीत नसेल तर, मीही ‘जठराचा कॅन्सर’ लिहून मोकळा होईन. सोबतच्या फॉर्मवर ‘आठ वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन’ एवढे चार शब्द असतील तर मी इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि गाटा-३ हे मार्कर (पेशीतली ठराविक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासण्या) लावेन. ते पॉझिटिव्ह आले तर आजार बहुधा जुनाच. मग जठर काढण्याचं मोठं ऑपरेशन टळू शकतं, आणि उपचार हार्मोनच्या गोळ्यांपासून सुरू होऊ शकतात. दोन्ही वाटांमधलं हे अंतर त्या चार शब्दांचं आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मवर ‘पूर्वीचा आजार’ हा रकाना फार वेळा कोरा असतो.

अंडाशयातली गाठ जठरातून आली असं रिपोर्ट म्हणतो. असं होतं?

होतं. तिला क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात. फ्रीडरिख क्रुकेनबर्ग यांनी १८९६ मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा ती अंडाशयाचीच गाठ आहे असं त्यांना वाटलं होतं. ती बाहेरून आलेली असते हे काही वर्षांनी दुसऱ्यांनी दाखवून दिलं, नाव मात्र त्यांचंच राहिलं. दोन्ही अंडाशयांत टणक गाठी आणि त्यात त्या अंगठीवाल्या पेशी दिसल्या की जठर तपासलंच पाहिजे.

किडनी काढून बारा वर्षं झाली. आता थायरॉइडमध्ये गाठ. काही संबंध असेल का?

असू शकतो. किडनीच्या कॅन्सरची ही खोडच आहे. दहा-पंधरा वर्षं गप्प बसतो आणि मग थायरॉइड, स्वादुपिंड, दुसऱ्या बाजूची ॲड्रिनल ग्रंथी, नाक, टाळू अशा आडबाजूला उगवतो. नाकातून वारंवार रक्त येणं हीसुद्धा त्याची खूण असू शकते, कारण या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर असतात. त्याच कारणाने स्वादुपिंडातली अशी गाठ सीटी स्कॅनमध्ये झळाळते आणि न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा) ट्यूमर वाटते.

स्लाइडवर त्या पेशी देखण्या दिसतात: आतून रिकाम्या, काचेसारख्या स्वच्छ, आणि मधूनमधून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. पण थायरॉइडच्या स्वतःच्या गाठीतही कधीकधी स्वच्छ पेशी असतात. पॅक्स-८ हा मार्कर किडनी आणि थायरॉइड दोन्हींत उजळतो, म्हणजे इथे तो एकटा कामाचा नाही. थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ हे थायरॉइडचे मार्कर निगेटिव्ह आले की किडनीकडे बोट वळतं.

डोळ्यातला मेलानोमाही असाच दम धरून बसणारा. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नाहीत, त्यामुळे तो रक्तातूनच जातो आणि पसरलाच तर जवळजवळ नेहमी यकृतात, कधी डोळा काढल्यावर कितीतरी वर्षांनी. म्हणून ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशोब सगळ्या कॅन्सरना सारखा लागू होत नाही.

पेट-सीटी स्वच्छ आला. आता तर चिंता नाही ना?

कोणता कॅन्सर आहे त्यावर ठरेल. नेहमीचा पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. अंगात टोचलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त जाते तिथे उजेड दिसतो. लोब्युलर, अंगठीवाल्या पेशींचा किंवा चिकट द्रव बनवणारा कॅन्सर साखर फारशी घेत नाही. किडनीच्या कॅन्सरचंही असंच, शिवाय लघवीतून ती साखर बाहेर पडते म्हणून त्या भागात आधीच उजेड असतो. मेंदू स्वतःच साखरेवर चालतो, त्यामुळे तिथली छोटी गाठ त्या उजेडात हरवते, तिथे एमआरआयच हवा. मायक्सॉइड लायपोसार्कोमा नावाचा चरबीचा कॅन्सर मणक्यात गेला तर पेट आणि बोन स्कॅन दोन्हींना चकवतो, तोही एमआरआयमध्येच सापडतो.

उलटही होतं. क्षयरोग, सार्कॉइडोसिस, न्यूमोनिया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, दंडावर घेतलेली लस, या सगळ्यांनी उजेड पडतो. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, म्हणून ती गोळी कधी थांबवायची ते स्कॅनआधी विचारून घ्यावं. ‘पेटमध्ये चमकतंय’ एवढ्यावर कुणी ‘पसरलाय’ म्हणत असेल तर तुकडा तपासला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

काही कॅन्सरसाठी वेगळे पेट असतात: प्रोस्टेटसाठी पीएसएमए, न्यूरोएंडोक्राइनसाठी डोटाटेट, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरसाठी एफईएस.

तुकडा काढला की कॅन्सर उसळतो म्हणतात. बायोप्सी टाळलेली बरी?

टाळू नका. सुईच्या वाटेने पेशी सांडल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळा, आणि निदानच न करता उपचार देण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. ‘सुरी लागली आणि भडकला’ असं वाटतं याचं साधं कारण असं की बायोप्सी होते तेव्हा अनेकांचा आजार आधीच पुढे गेलेला असतो.

मात्र काही ठिकाणी सर्जन मुद्दाम सुई घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अंडकोषाच्या गाठीत वृषणाच्या पिशवीतून सुई घालत नाहीत. सार्कोमात बायोप्सीची वाट अशी आखतात की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाटही काढून टाकता येईल. कोरिओकार्सिनोमाच्या (वारेच्या पेशींसारख्या कॅन्सरच्या) गाठी भळाभळा रक्त सोडतात, तिथे रक्तातलं एचसीजी हे हार्मोन प्रचंड वाढलेलं असेल तर तेच बहुतेकदा पुरेसं मानतात.

ही पेशी कुठली, हे पॅथॉलॉजिस्ट कसं ओळखतो?

आधी रूपावरून. मग मार्करवरून, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (आयएचसी). प्रत्येक अवयवाच्या पेशी काही ठराविक प्रथिनं बनवतात. त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रतिद्रव्य स्लाइडवर टाकतात, प्रथिन असेल तर तपकिरी रंग चढतो.

सुरुवात बऱ्याचदा सीके-७ आणि सीके-२० या जोडीने होते. मोठ्या आतड्याच्या पेशींत साधारणपणे ७ नाही आणि २० आहे. फुप्फुस आणि स्तन यांत उलट. त्यानंतर टीटीएफ-१ असेल तर फुप्फुस किंवा थायरॉइड, सीडीएक्स-२ असेल तर आतडं, एनकेएक्स-३.१ किंवा पीएसए असेल तर प्रोस्टेट, सॉक्स-१० आणि एस-१०० असेल तर मेलानोमा, गाटा-३ असेल तर स्तन किंवा मूत्रमार्ग. यातला कुठलाही मार्कर शंभर टक्के भरवशाचा नाही. तीन-चार मार्कर, स्कॅन आणि रुग्णाची हकिगत एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच मी सही करतो.

हाडाच्या बायोप्सीत आणखी एक अडचण असते. हाड कापता यावं म्हणून त्यातला चुना आम्लात विरघळवावा लागतो. तीव्र आम्ल वापरलं तर प्रथिनं आणि डीएनए खराब होतात आणि नंतरच्या तपासण्या वाया जाऊ शकतात. ईडीटीएला वेळ लागतो, पण माल शाबूत राहतो. हाडाचा रिपोर्ट उशिरा आला तर लॅबवर लगेच चिडू नका.

मेंदूच्या पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी डॉक्टर पुन्हा पाठीतून पाणी काढायचं म्हणतात. का?

कारण कॅन्सर मेंदूच्या आवरणांत खरंच पोचलेला असला तरी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या या पाण्याच्या पहिल्या नमुन्यात पेशी सापडण्याचं प्रमाण निम्म्याहून थोडंसंच जास्त असतं. दुसऱ्यांदा काढलं की ते बरंच वाढतं. पाणी पुरेसं हवं, साधारण १० मिलिलिटर, आणि लॅबला ताबडतोब पोचायला हवं. शक्य तिथे एमआरआय आधी करतात, कारण पाणी काढल्यानंतर मेंदूची आवरणं एमआरआयमध्ये उगाच उठून दिसू शकतात.

रिपोर्टमध्ये ‘प्रायमरी अननोन’ लिहिलंय. एवढ्या तपासण्या करूनही मूळ सापडत नाही?

कॅन्सरच्या साधारण ३ ते ५ टक्के रुग्णांत नाही सापडत. मूळ गाठ फारच लहान असते, किंवा शरीराने ती संपवलेली असते. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी पोटाच्या मागच्या बाजूला मोठ्या गाठी असतात आणि अंडकोषात फक्त एक वण उरलेला दिसतो.

मूळ न सापडणं म्हणजे उपचार नाही असं नव्हे. काही चित्रं अशी असतात की मुळाचा अंदाज बांधून नेमका उपचार देता येतो. स्त्रीच्या फक्त काखेत गाठी असतील तर स्तनाचा एमआरआय करून स्तनाच्या कॅन्सरसारखा उपचार. तरुण पुरुषाच्या शरीरात मधल्या रेषेवर गाठी आणि रक्तातलं एएफपी, एचसीजी वाढलेलं असेल तर अंडकोषाच्या कॅन्सरचा, ज्यातले पुष्कळ बरे होतात. मानेत स्क्वेमस (चपट्या पेशींच्या) प्रकारची गाठ असेल तर घशातलं मूळ शोधताना पी-१६ हा मार्कर तपासतात. पुरुषाच्या हाडांत दाट पांढरे ठिपके आणि पीएसए जास्त असेल तर प्रोस्टेटचा.

दोन ठिकाणी कॅन्सर आहे. एकच पसरला की दोन वेगळे?

दोन्ही शक्य आहे. मार्करने न सुटलं तर दोन्ही गाठींमधले जनुकीय बदल पडताळतात. बदल सारखे असतील तर बी एकच. घशाच्या स्क्वेमस कॅन्सरनंतर फुप्फुसात निघालेल्या स्क्वेमस गाठीचं कोडं बऱ्याचदा असंच सोडवावं लागतं.

याहून गंमतीदार प्रकार म्हणजे एका गाठीत दुसरी गाठ. मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा या सौम्य गाठीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, किंवा किडनीच्या गाठीत फुप्फुसाच्या. रुग्णाच्या बाबतीत गंमत कसली म्हणायची, पण दोन वेगळ्या जातीच्या पेशी एकाच स्लाइडवर शेजारी दिसल्या की लॅबमध्ये सगळे त्या मायक्रोस्कोपभोवती जमतात.

मूळ गाठीची बायोप्सी झालीय. पसरलेल्या जागेची पुन्हा कशाला?

एक, ती खरंच त्याच आजाराची आहे का हे पाहायला. दुसरं, पसरताना पेशी बदलतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या गाठीत हार्मोन रिसेप्टर होते आणि नव्या गाठीत नाहीत, किंवा एचईआर-२ (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) बदललं, असं काही रुग्णांत दिसतं. औषध नव्या रिपोर्टवर ठरतं.

वेगळ्या जागी पसरला म्हणजे जास्त वाईट?

तसा नियम नाही. किडनीचा कॅन्सर फक्त स्वादुपिंडात गेला असेल तर असे रुग्ण बऱ्याचदा दीर्घकाळ चांगले राहतात. उलट बेंबीतली गुठळी बहुधा पोटात पुष्कळ आजार असल्याचं सांगते. जागा विचित्र आहे का, यापेक्षा मूळ कॅन्सर कोणता, किती ठिकाणी आहे आणि त्याला औषध लागू पडतं का, हे पाहावं.

कोणत्या लक्षणांत एक दिवसही थांबू नये?

कॅन्सर होऊन गेलेल्या किंवा असलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लुळे पडू लागले, कमरेखाली बधिर झालं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जूवर दाब येत असतो, आणि पाय चालते असताना उपचार झाला तरच ते चालते राहण्याची शक्यता जास्त. पूर्ण मणक्याचा एमआरआय लागतो. अचानक दिसेनासं होणं, फिट येणं, आडवं झोपल्यावर वाढणारा दम, हेही त्याच रांगेत.

न पसरणारे कॅन्सर असतात का?

जवळजवळ न पसरणारे असतात. त्वचेचा बेसल सेल कॅन्सर आजूबाजूचं कुरतडत राहतो, पण दूर क्वचितच जातो. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा इतका घातक, तरी डोक्याबाहेर फारच विरळा.

एका माणसाचा दुसऱ्याला लागू शकतो?

एकत्र राहून, जेवून, सेवा करून नाही. अवयवरोपणातून किंवा आईकडून गर्भाला, अशा अगदी मोजक्या नोंदी आहेत. टास्मानियन डेव्हिल या प्राण्यात मात्र एक कॅन्सर चावण्यातून खरंच पसरतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

स्कॅनचे कागद सगळे आणतात, सीडी थोडे आणतात, आणि मेणाचे ब्लॉक जवळजवळ कुणीच आणत नाही. तपासणी झाल्यावर तुमचा तुकडा मेणाच्या चौकोनात बसवून लॅबमध्ये जपलेला असतो. जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक मिळाला तर नवी आणि जुनी गाठ शेजारी ठेवून पाहता येते, नवे मार्कर लावता येतात, कधीकधी नवी बायोप्सीही वाचते. लॅबकडे अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड्स मागा, रिपोर्टवरचा नंबर पाहून ताडून घ्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. फॉर्म भरताना पूर्वीचा आजार, वर्ष आणि कुठला अवयव काढला ते स्वतः सांगा. वीस वर्षं झाली असली तरी, आणि कुणी विचारलं नसलं तरी.